ऑफसाइटचा कल्ट होतो तेव्हा : थरारकथा रचण्याची पायरीवार पद्धत

ऑफसाइटवर थरारकथा लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो जंगल, मशाली आणि काळ्या झग्यांचा. तो आवरा. तुमचा वाचक कधीतरी कंपनीच्या खर्चाने लोणावळ्याला किंवा कर्जतला जाऊन आलेला आहे. तो दोरीवर लटकलाय, गोलात बसून ‘माझ्याबद्दल तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट’ सांगून आलाय. झग्यांनी तो घाबरत नाही. त्या गोलात आपण जे बोलून गेलो ते पुढे कुठल्या फाइलमध्ये गेलं, या विचाराने तो घाबरतो.

कल्टला, म्हणजे नेत्यामागे डोळे मिटून जाणाऱ्या पंथाला, लागणारं सगळं सामान ऑफिसात आधीच असतं, या एका गोष्टीवर ही पद्धत उभी आहे. सगळ्यांसमोर चुकांची कबुली, संस्थापकाच्या नावाने टाळ्या, बाहेरच्याला न कळणारी भाषा, रात्री अकराला आलेल्या मेसेजला उत्तर देण्याची सवय, ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य. लेखकाने बाहेरून काही आणायचं नाही. जे आहे तेच प्रत्येक वेळी अर्धी पायरी पुढे सरकवायचं. आपण त्यांच्या जागी असतो तर नेमके कुठे उठून गेलो असतो, हे वाचकाला सांगता आलं नाही की कथा जमली.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. पुण्यात खराडीला ऑफिस असलेली अडतीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. जुलै महिना. मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या वाटेवरचा एक रिसॉर्ट. गुरुवारी निघून रविवारी परत यायचं. नायिका टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक कुठे आहे हे शोधणं हीच तिची नोकरी.

पायरी १ : आधी खऱ्या घटना वाचा, पण एका विशिष्ट नजरेने

निदान चार प्रकरणं नीट वाचा.

पहिलं नेक्सियमचं. १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीच्या परिसरात कीथ रनिअरी आणि नॅन्सी साल्झमन यांनी अधिकाऱ्यांसाठी यशाचे वर्ग सुरू केले. उद्योजक, नट्या, श्रीमंत घरातल्या मुली फी भरून येत. पट्ट्यांच्या रंगावरून दर्जा ठरे, रनिअरीला ‘व्हॅनगार्ड’ म्हणायचं असे, आणि दर ऑगस्टमध्ये त्याच्या वाढदिवसानिमित्त लेक जॉर्जच्या काठी शिबिर भरे. त्याच संस्थेच्या पोटात २०१५ च्या सुमाराला बायकांचा एक गुप्त गट तयार झाला. त्यात शिरायला ‘तारण’ द्यावं लागे : स्वतःची नग्न छायाचित्रं, घरच्यांना बदनाम करणारी पत्रं. रात्री-बेरात्री मेसेज आला तर साठ सेकंदांत उत्तर द्यायचं, अशी कवायत होती. काहींच्या अंगावर डागणी देऊन रनिअरीची आद्याक्षरं कोरली गेली. २०१९ मध्ये तो दोषी ठरला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला १२० वर्षांची शिक्षा झाली. यातलं डागणीचं चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, पण लेखकाच्या कामाची आहेत ती मधली सतरा वर्षं. वर्गापासून डागणीपर्यंत कोणीही एका दिवसात गेलेलं नाही.

दुसरं पॅसिफिक बेलचं, आणि आपल्या विषयाला हे सर्वांत जवळचं. कॅलिफोर्नियातल्या या टेलिफोन कंपनीने १९८० च्या दशकात चार्ल्स क्रोन या सल्लागाराच्या विचारांवर बेतलेलं प्रशिक्षण आपल्या ६७ हजार कर्मचाऱ्यांना द्यायला घेतलं. विचार कसा करायचा, मीटिंगमध्ये बोलायचं कसं, सगळं ठरवून दिलेलं. शब्द असे की नव्या माणसाला काही उमजू नये. कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि १९८७ मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने चौकशी केली. इथे कोणी मेलं नाही, कोणी कोंडलं गेलं नाही. तरीही ते सगळं वाचताना श्वास जड होतो, आणि तुमच्या पहिल्या शंभर पानांचा सूर नेमका तोच हवा.

तिसरं ॲरिझोनातल्या सेडोनाचं. ८ ऑक्टोबर २००९ रोजी स्वयंविकासाची शिबिरं घेणाऱ्या जेम्स आर्थर रे याच्या शिबिरात पन्नासहून अधिक माणसं तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या बंद तंबूत बसली. त्याआधी वाळवंटात त्यांचा ३६ तासांचा उपास झाला होता. फी दहा हजार डॉलरच्या आसपास. तिघांचा जीव गेला. २०११ मध्ये रे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरला. त्या तंबूला कुलूप नव्हतं.

चौथं छोटं आहे. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोला बर्गर किंगच्या मार्केटिंग विभागाच्या शंभरावर लोकांना निखाऱ्यांवरून चालवलं गेलं. डझनभर लोकांचे पाय भाजले. त्यांतल्याच एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी नंतर त्या अनुभवाचं कौतुक केलं. हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा, आठव्या पायरीला लागेल.

वाचताना तीन रकाने आखा : काय मागितलं, कारण काय दिलं, नाही म्हटलं असतं तर काय गेलं असतं. धक्कादायक तपशील गोळा करून भागत नाही. बहुतेक प्रकरणांत मधला रकाना इतका समजूतदार निघतो की आपणही मान डोलावली असती. तोच रकाना तुमचा कच्चा माल.

पायरी २ : खलनायकाला मोजता येईल असं काहीतरी हवं असू द्या

‘त्याला सत्ता हवी होती’ एवढ्यावर कथा चालत नाही. आपल्या उदाहरणात संस्थापकाकडे तीन महिन्यांच्या पगारापुरते पैसे उरलेत. नव्या गुंतवणूकदाराची अट आहे की सगळ्यांनी वर्षभर निम्म्या पगारावर काम करायला लेखी संमती द्यावी आणि पुढची दोन वर्षं कोणी सोडून जाऊ नये. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत अडतीस सह्या पाहिजेत. आता प्रत्येक प्रकरणात एक आकडा हलतो. नऊ झाल्या, एकवीस झाल्या, सदतीस झाल्या. वाचक नकळत मोजायला लागतो.

पायरी ३ : बस सुटण्याआधी प्रत्येकाची दोरी बांधा

‘ते निघून का जात नाहीत?’ हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि त्याचं उत्तर रिसॉर्टच्या कुंपणात शोधू नका. आपल्याकडच्या नोकरदाराला कुंपण लागतच नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही तर पुढची कंपनी रुजू करून घेत नाही. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, अडकतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जुन्या मॅनेजरचाच फोन लागतो. वाघोलीच्या वन बीएचकेचा हप्ता पाच तारखेला जातो. आईचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालू आहे. कोणाचा अमेरिकेचा एल-वन व्हिसा अर्ध्यावर आहे, कोणी चार महिन्यांची गरोदर आहे आणि अजून ऑफिसात सांगितलेलं नाही.

निदान सहा पात्रांना प्रत्येकी एक दोरी द्या, आणि ती बसमध्ये चहा पिता-पिता, जाता-जाता कळू द्या. एचआरला या सगळ्या दोऱ्या माहीत असतात. तिच्याकडे त्यांची एक्सेल शीट आहे. ही शीट वाचकाला दुसऱ्या प्रकरणात अगदी सहज, बस सीटिंगच्या यादीच्या शेजारच्या टॅबवर दिसावी. मराठी लेखकाच्या हातातलं हे मोठं साधन आहे. परदेशी कथेत पहारेकरी लागतात तिथे आपल्याकडे एका लेटरहेडवर काम भागतं.

पायरी ४ : जागा आणि ऋतू

जुलैतलं मुळशी-ताम्हिणी निवडण्याची कारणं व्यवहारी आहेत. रेंज जाते-येते. वीज जाते. घाटात दरड आली की रस्ता तासन्‌तास बंद राहतो आणि त्याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही. ‘रस्ता बंद आहे’ हे वाक्य खरं आहे की सांगितलेलं, हे नायिकेला तपासता येत नाही. यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आलेली दिसते. मग रस्ता बंद कसा?

जागेचा इतिहासही वापरा, पण नुसता शोभेला नको. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला; तरी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातल्या मावशी त्यांपैकी एका घरातल्या असू शकतात. कागदावर सही घेण्याआधी माणसं किती गोड बोलतात, याच्या गोष्टी त्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्यात. मावशींना भाषण देऊ नका. नायिका पाणी प्यायला आत येते तेव्हा त्या भाकरी थापता-थापता एवढंच विचारतात, ‘‘सही झाली का गं तुझी?’’ नायिकेने तोवर सह्यांबद्दल काहीच ऐकलेलं नाही. धक्का तिथे बसतो.

पायरी ५ : नेता एक नको, दोघं हवेत

नेक्सियममध्ये रनिअरीकडे दरारा होता, तर साल्झमनकडे संमोहन आणि संवादाच्या तंत्राचं प्रशिक्षण. ही विभागणी उचला. आपल्या कथेत संस्थापकाकडे गरज आहे आणि बाहेरून बोलावलेल्या फॅसिलिटेटरकडे, म्हणजे सत्रं चालवणाऱ्या बाईकडे, तंत्र. संस्थापक खरंच चांगला माणूस असू द्या. कोविडात त्याने कोणालाही काढलं नव्हतं, एकाच्या वडिलांच्या ऑपरेशनला स्वतःचे पैसे दिले होते. त्याच्यावर माणसांचं प्रेम आहे म्हणूनच सगळं चालतं. आणि या तंत्राचा पहिला बळी तोच आहे, हे वाचकाला मध्यावर कळू द्या. फॅसिलिटेटरने त्याची ‘शुद्धी’ महिनाभर आधीच करून घेतलेली असते.

फॅसिलिटेटरने भगवी वस्त्रं घालू नयेत, मंत्र म्हणू नयेत. ती चाळिशीची, सुती कुर्ता घालणारी, प्रत्येकाचं नाव पहिल्या तासात पाठ करणारी बाई असावी. ती ऐकते फार छान. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपलं पूर्ण ऐकून घेतलं, असं चार जणांना वाटावं, आणि ते खरं असावं. खलपात्राकडे देण्यासारखं काही नसेल तर तिच्यामागे जाणारी माणसं मूर्ख ठरतात आणि वाचकाचा कथेतला जीव जातो.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे आणखी एक हत्यार फुकट मिळतं. फॅसिलिटेटर पहिल्याच सत्रात सांगते की इथे सर-मॅडम नाही, सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतील. वातावरण मोकळं होतं, हशा होतो. दुसऱ्या दिवशी पन्नाशीच्या अकाउंटंट काकांना पंचविशीचा पोरगा ‘तू खोटं बोलतोयस’ म्हणतो आणि काका मान खाली घालतात. तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतायत, फक्त संस्थापकाला ‘आपण’ म्हणू लागलेत, आणि हे कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही. या बदलावर एका शब्दाचंही भाष्य करू नका. संवादांतून तो दिसत राहू द्या.

पायरी ६ : संमतीची शिडी

या पायरीला पूर्ण आठवडा द्या. कथेचा कणा हाच आहे.

१९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रमने केलेला प्रयोग बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो : दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं आणि ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले (झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). पण लेखकाने त्या यंत्राची रचना बघावी. तीस बटणं, प्रत्येक आधीच्यापेक्षा फक्त १५ व्होल्टनी जास्त. ३१५ दाबलं, मग ३३० ला नाही का म्हणायचं? नाही म्हणायचं तर आधीचं ३१५ चूक होतं हे कबूल करावं लागतं. पुढे ढकलणारी शक्ती ही आहे.

तुमच्या कथेसाठी अशीच तीसेक बटणं लिहून काढा. माझ्या उदाहरणातली काही सांगतो. बसमध्ये चढताना मोबाइल कापडी पिशवीत द्यायचे, डिजिटल डिटॉक्स म्हणून. घरच्यांसाठी एचआरचा नंबर दिलेला आहे, म्हणजे काळजी नको. मग घड्याळं, कारण सत्रात सारखं मनगटाकडे बघणं बरं दिसत नाही. मग खोल्यांची अदलाबदल, नेहमीच्या मैत्रिणींपेक्षा नवी ओळख व्हावी म्हणून. रात्रीचं सत्र रंगतं म्हणून एकपर्यंत चालतं, पहाटे पाचला ट्रेक. जेवताना मौन. उशिरा आलेल्याऐवजी त्याच्या जोडीदाराने उभं राहायचं, म्हणजे जबाबदारी कळते. घरी फोन करायचा असेल तर सगळ्यांसमोर स्पीकरवर, कारण लपवण्यासारखं काय आहे? मग आपल्या सहकाऱ्याबद्दल एक ‘प्रेमळ सत्य’ कागदावर लिहून पेटीत टाकायचं. आणि मग नाव घालून लिहायचं.

शिडीसाठी मी तीन नियम पाळतो. एक, लागोपाठच्या दोन पायऱ्या एकाच जातीच्या नकोत. एक वेळेवरची, पुढची शरीरावरची, मग बोलण्यावरची, मग नात्यावरची. सगळा दाब एकाच जागी आला की पात्रांना तो लगेच जाणवतो. दोन, प्रत्येक पायरीचं कारण वाचकाला पटलं पाहिजे. ते वाक्य मोठ्याने वाचून बघा, खऱ्या एचआरच्या मेलमध्ये ते शोभलं पाहिजे. तीन, एकदा तरी शिडी खाली उतरू द्या. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी कुरकुर करतं आणि फॅसिलिटेटर हसून सगळ्यांचे फोन अर्ध्या तासासाठी परत देते. माणसं कृतज्ञ होतात. स्वतःचाच फोन हातात घेऊन ‘थँक यू’ म्हणतात. अर्ध्या तासाने सगळे आपणहून फोन परत ठेवतात, आणि हे दृश्य कुठल्याही मारहाणीपेक्षा जास्त काळ लक्षात राहतं.

विसाव्या बटणाच्या आसपास नायिकेनेही एक गोष्ट अशी करावी की तिला नंतर तिची लाज वाटेल. पेटीतली एक चिठ्ठी तिच्या हातची असू द्या. ती शुद्ध राहिली तर ती परीक्षक बनते आणि वाचक सुरक्षित अंतरावर जाऊन बसतो.

पायरी ७ : कबुलीचं सत्र

प्रत्येक कल्टकथेत हे दृश्य असतं आणि बहुतेक वेळा ते फसतं, कारण लेखक कबुलीत मोठं गुपित ठेवतो. गुपित छोटं असू द्या. मोठ्या गुपितावर माणूस लढतो. छोट्यावर तो स्वतःच वितळतो. कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये चार्ल्स डेडेरिकने व्यसनमुक्तीसाठी सुरू केलेल्या सिनॅनॉनमध्ये ‘गेम’ नावाचं सत्र चाले : गोलात एकावर सगळ्यांनी शब्दांनी तुटून पडायचं. व्यसन सुटावं हा हेतू होता. पुढे त्याच संस्थेत पुरुषांवर नसबंदीची आणि जोडपी मोडण्याची सक्ती झाली, आणि १९७८ मध्ये विरोधातल्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवला गेला.

संवाद असा ठेवता येईल :

‘‘अजून आहे आत. सांगून टाक.’’

‘‘नाही, एवढंच आहे. त्या रिलीजला मी बग दाबला, कारण सगळे थकले होते.’’

‘‘सगळे थकले होते, की तुला चांगलं म्हणून घ्यायचं होतं?’’

‘‘…असेल.’’

‘‘असेल की आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘बघ, मोकळं वाटलं ना?’’

आवाज कुठेही चढलेला नाही. शेवटच्या प्रश्नाला होकार हेच सभ्य उत्तर आहे, आणि खोलीतले सदतीस जण टाळ्या वाजवतायत. दृश्याच्या कडेला एक माणूस लॅपटॉपवर टिपून घेतोय, हे एकाच वाक्यात सांगून पुढे जा. नेक्सियमचं ‘तारण’ तुमच्या कथेत असंच, कोणी न मागता, गोळा होतं. शनिवारी रात्री नायिकेला ते फोल्डर दिसतं. प्रत्येकाच्या नावाची फाइल, आणि प्रत्येक फाइलमध्ये तिसऱ्या पायरीतली दोरी आणि सातव्या पायरीतली कबुली शेजारी-शेजारी.

पायरी ८ : शरीर

माणूस मनाने आधी हरत नाही, झोपेने हरतो. सतरा-एकोणीस तास सलग जागं राहिलं की प्रतिक्रिया आणि निर्णय रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात, असं संशोधन सांगतं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे पहाटे पाचला उठवलेला माणूस रात्री बारानंतर सही करतो तेव्हा तो गाडी चालवण्याच्याही लायकीचा नसतो. प्रत्येक प्रकरणाच्या वर, फक्त तुमच्या टिपणासाठी, प्रत्येक पात्र किती तास जागं आहे आणि शेवटचं कधी जेवलं हे लिहा. शनिवारी रात्रीचे संवाद लहान करा. माणसांना शब्द आठवत नाहीत, ती उगाच हसतात, उगाच रडतात.

निखारे हवेत तर इथे आणा. राखेने झाकलेला कोळशाचा निखारा उष्णता हळू सोडतो, म्हणून न थांबता चाललं तर बहुतेकांचे पाय वाचतात. त्यात मनोबलाचा चमत्कार नाही. काहींचे भाजतात. आणि ज्यांचे भाजले त्यांनाच अनुभवाची किंमत जास्त वाटते. ॲरन्सन आणि मिल्स यांनी १९५९ मध्ये हेच दाखवलं : गटात शिरण्यासाठी ज्यांना जास्त लाज सोसावी लागली त्यांना गटाची कंटाळवाणी चर्चाही जास्त रंजक वाटली. की लार्गोच्या त्या बाई आठवा.

माझ्या कथेत इथे गोव्यातल्या डिचोलीचा एक डेव्हलपर आहे. त्याचे वडील शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतधारी भक्त. व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन, होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून गेलेले. तोही एकदा गेलाय. सगळे फॅसिलिटेटरकडे डोळे विस्फारून बघत असताना तो शांतपणे म्हणतो, ‘‘आमच्याकडे हे देवीसाठी करतात. सेल्स टार्गेटसाठी मी करणार नाही.’’ पूर्ण कादंबरीतला हा पहिला स्पष्ट नकार, आणि तो श्रद्धाळू माणसाच्या तोंडून येतो. श्रद्धा म्हणजेच कल्ट असं लिहिणाऱ्या कथा फार झाल्या आहेत. त्यांच्यात मला रस नाही.

पायरी ९ : दोघांना एकत्र येऊ देऊ नका

सॉलोमन ॲशने १९५१ मध्ये रेघांच्या लांबीचा प्रयोग केला. बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत असतील तर खरा माणूसही सुमारे एक तृतीयांश वेळा चुकीच्याच बाजूने जातो. पण खोलीत एक जरी जण खरं बोलला, तर हे प्रमाण आधीच्या चौथाईवर येतं. तुमच्या फॅसिलिटेटरला हे माहीत आहे. म्हणून नायिका आणि डिचोलीकर यांच्यातला प्रत्येक संवाद तुटला पाहिजे : खोली बदलते, गट बदलतो, एकाला प्रमोशनची कुजबुज ऐकू येते. कथेचा ताण धावपळीपेक्षा यातून जास्त येतो. दोघांना सरळ दोन मिनिटं बोलायला मिळतील का? ती दोन मिनिटं शनिवारी मध्यरात्रीपर्यंत देऊ नका. दिली की कथा उतरणीला लागते, म्हणून तोवर बाकी सगळे दुवे तयार असायला हवेत.

पायरी १० : दुवे उलटे पेरा

शेवट लिहा, मग मागे जाऊन पेरणी करा. माझ्या यादीत फक्त पाच दुवे आहेत : सीटिंग यादीच्या शेजारचा टॅब, मावशींचा प्रश्न, दुधाची गाडी, लॅपटॉपवर टिपणारा माणूस, आणि संमतीपत्राची तारीख. ती तारीख ऑफसाइटच्या आधीची आहे, म्हणजे कागद सगळ्यांच्या ‘स्वयंस्फूर्त’ निर्णयाआधीच छापलेला होता. नायिका हे टेस्टरसारखं शोधते. शंका आली म्हणून ओरडत नाही. तीच गोष्ट दोनदा घडवून बघते. वेगळ्या गटांना दिलेली दोन कारणं जुळवून बघते. प्रत्येक दुवा पहिल्यांदा येताना दुसऱ्याच कामासाठी आलेला हवा.

पायरी ११ : कायदा नीट ठेवा

वकील वाचक एका चुकीवर पुस्तक मिटतो. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नोकरीच्या कामानिमित्त भेट दिलेलं ठिकाणही कार्यस्थळच धरलं जातं. म्हणजे रिसॉर्टही ऑफिसच. त्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. अध्यक्षबाई आधीच फॅसिलिटेटरच्या बाजूला गेल्या असतील, तर पुण्यात बसलेल्या त्या बाहेरच्या सदस्याचा नंबर हा सगळ्या रिसॉर्टमधला सर्वांत मोलाचा कागद ठरतो. तो कागद ऑफिसच्या नोटीस बोर्डवर लावलेला होता, हे पहिल्या प्रकरणात दाखवून ठेवा.

कोणाला जाऊ न देणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये बसतं, धमकी देऊन सही घेणं कलम ३०८ च्या जवळ जातं. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कथा त्याआधी घडत असेल तर जुन्या दंड संहितेची कलमं वापरा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मात्र इथे उगाच ओढू नका. तो २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी अध्यादेश म्हणून आणि त्याच वर्षी कायदा म्हणून आला, आणि त्याच्या अनुसूचीत ठरावीक अघोरी कृत्यं दिलेली आहेत. तुमची फॅसिलिटेटर दैवी शक्तीचा दावा करतच नाही. पौडच्या पोलीस ठाण्यात नायिकेला हेच ऐकावं लागेल : ‘‘मॅडम, मारलं का कोणी? कोंडलं का? मग सही कोणी केली?’’ तो हवालदार दुष्ट नाही. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर आहे, आणि नायिकेला त्याचं उत्तर देता येत नाही. हे प्रकरण पळून जाण्याच्या प्रकरणापेक्षा कठीण लिहा.

पायरी १२ : शेवट आणि दुरुस्ती

सुटका झाल्यावर दहा पानं तरी पुढे जा. सोमवारी ऑफिस भरतं. अडतीसपैकी किती जण येतात? माझ्या मते बहुतेक सगळे. काही जण नायिकेशी बोलत नाहीत. त्यांच्या लेखी तिने कुटुंब मोडलं. अकाउंटंट काका फॅसिलिटेटरचा नंबर शोधत असतात, कारण त्यांचं इतकं नीट नंतर कोणी ऐकलेलंच नाही. संस्थापक राजीनामा देतो किंवा देत नाही, तुम्ही ठरवा; पण तो रडला तर वाचकाला त्याची दया आणि चीड एकदमच आली पाहिजे.

दुसऱ्या खर्ड्यात तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त शिडी तपासा : प्रत्येक बटणाजवळ थांबून बघा की आधीच्यापेक्षा उडी मोठी झालीय का. जिथे वाचक ‘हे कोण करेल?’ म्हणेल, तिथे मध्ये एक बटण घाला. दुसऱ्या फेरीत तू-तुम्ही-आपण यांचा प्रवास पात्रानुसार तपासा. एक जरी जागा चुकली तरी मराठी कान ती पकडतो. तिसऱ्या फेरीत फॅसिलिटेटरची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवा आणि कथा न सांगता एखाद्या नोकरदार मित्राला वाचायला द्या. ‘हे आमच्या मागच्या ट्रेनिंगचं आहे का?’ असं त्याने विचारलं तर खर्डा प्रकाशकाकडे पाठवायला हरकत नाही. ‘ही बाई भोंदू आहे’ म्हणाला तर पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.